ओल्या हातानं

अश्लेषाच्या डोक्यावरची टोपी निघून गेली तेव्हा ती घावन खात होती.

वारा नव्हता. मे महिन्यातली जर्मन रिमझिम होती... पडते आहे की नुसती लटकली आहे, ते कळू नये अशी. टोपी लोकरीची, पिकल्या हापूसच्या रंगाची, कुसुमआत्यानं दापोलीला बसून विणलेली. दापोलीत लोकरीच्या टोपीचं काही काम नसतं. पण भाची जर्मनीला पीएच.डी. करायला गेली म्हटल्यावर आत्याचा स्वतःवर ताबा राहिला नव्हता. तर ती टोपी आपण होऊन वर उठली, हवेत जराशी थबकली आणि नदीकडे उडत गेली.

"एन्टशुल्डिगुंग!" नदीतून कोणीतरी जर्मनमध्ये माफी मागत ओरडलं.

नदी म्हणजे लोहबाख. कायझर्सलाउटर्नहून दोन डब्यांच्या गाडीनं थोडं उत्तरेला गेलं की लागते. दापोलीकडे तिला कोणी नदी म्हटलं नसतं, पऱ्या म्हटलं असतं. पण जर्मनीत पऱ्याला स्वतःची पाटी असते, नियमावली असते आणि नियमावली वाचली का ते बघणारा क्लब असतो. रविवारी या देशात चालणं आणि केक खाणं सोडून फारसं काही करता येत नाही. केक अश्लेषाला फार गोड लागायचा, म्हणून ती चालत चालत इथवर आली होती.

पाण्यात एक उंच, दाढीवाला तरुण उभा होता. छातीपर्यंत रबरी विजार, हातात वेताच्या छडीहून बारीक आणि लांब काठी. काठीतून निघालेली पिवळी दोरी हवेत वेलांट्या घेत होती आणि दोरीच्या टोकाला आत्याची टोपी गटांगळ्या खात होती.

"मेल्या, डोळे काय गहाण ठेवलेत?" अश्लेषा म्हणाली. परदेशात राहण्याचा हा एक मोठा फायदा असतो. मनातलं मोठ्यानं बोलता येतं.

"डोळे आहेत," तो तरुण म्हणाला. "पण मागे नाहीत. सॉरी हं. तू तिथेच थांब, मी येते."

घावन अश्लेषाच्या घशात अडकलं. एक म्हणजे तो मराठी बोलला. दुसरं म्हणजे, एवढी दाढी असून तो 'येते' म्हणाला.

तो पाणी तुडवत काठावर आला, टोपीतून काहीतरी बारीकसं सोडवलं, टोपी पिळली आणि तिच्या हातात देत काळजीनं म्हणाला, "ओली टोपी घालू नको. सर्दी होते. जेवलीस का तू?"

"तुम्ही... मराठी?"

"या. म्हणजे हो, आईकडून. मी ध्रुव. मी फ्रँकफर्टला राहते. रविवारी इथे मासे पकडते."

"पकडतो," अश्लेषा म्हणाली.

"कोण?"

"तुम्ही."

"मी पकडतेच ना. कधी कधी."

हळूहळू उलगडा झाला. ध्रुवचे बाबा सॉफ्टवेअरमध्ये होते. ध्रुव उठायच्या आधी ते जायचे आणि झोपल्यावर यायचे. घरात मराठी बोलणारी एकटी आई, नीलिमाताई. त्यामुळे ध्रुवचं मराठी म्हणजे एका बाईनं एका मुलाला केलेल्या सूचना आणि स्वतःबद्दल काढलेले उद्गार, एवढंच होतं. हात धू. पुरे आता. पडशील. मी दमले. मी येते. पुरुषानं पुरुषासारखं बोललेलं मराठी त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. 'तुम्ही'ही त्याला ठाऊक नव्हतं; आई मुलाला कशाला तुम्ही म्हणेल? म्हणून पहिल्याच वाक्यात तो तिला 'तू' म्हणाला होता. एरवी तिला ते खटकलं असतं...

एरवी.

"हे काय होतं टोपीत?" तिनं विचारलं.

त्यानं तळहात पुढे केला. त्यावर इवलीशी माशी. पिसाचे पंख, राखी दोऱ्याचं पोट, आणि पोटाखाली गळाचा आकडा. "माशी. मी बांधली. माशीनं मासा पकडायचा, तसं असतं."

"अच्छा. लोक बसून माशा मारतात, तुम्ही बांधता."

"लोक का मारतात?"

विनोद समजावून सांगितला की मरतो. जर्मनीत त्याला इलाज नसतो. अश्लेषानं समजावला. तो मेला. आणि मग बऱ्याच वेळानं, ती निघाली तेव्हा, ध्रुव एकटाच खो खो हसत सुटला. "माशा मारते! आल्झो... म्हणजे, काम नाही म्हणून!" ते हसणं इतकं उशिरा आणि इतकं मनापासून होतं की अश्लेषानं वळून बघितलं.

नको होतं बघायला. पण बघितलं.

पुढच्या रविवारी ती परत गेली. टोपीची एक टाचणी राहिली होती म्हणे. आत्याच्या टोपीला टाचणी कधीच नव्हती.

"आमच्याकडे हर्णैला एवढ्या वेळात होडी भरून येते," ती काठावरून म्हणायची. "आणि तू सकाळपासून पाण्यात उभा. मिळालं काय? हा एवढासा. हा तर आमच्या मांजरीनं हुंगून सोडला असता."

"तुझी मांजर फार शिकलेली आहे."

"मला दे काठी. मी काढून दाखवते."

"परवाना नाही तुझ्याकडे. परीक्षा द्यावी लागते."

"मासे धरायची परीक्षा? मी कोकणातली आहे, ध्रुव!"

"क्लबला सांगून बघते," तो गंभीरपणे म्हणाला, "पण कोकण त्यांच्या नियमावलीत नसणार."

आणि त्यानं खरंच कधी काठी हातात दिली नाही, एका क्षणासाठीसुद्धा नाही. तिला फक्त जाळं धरायची मुभा होती. मात्र एका संध्याकाळी तो तिला गवताळ माळावर घेऊन गेला. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला. माळावर लोकरीनं मासेमारी करायला परवाना लागत नव्हता. त्यानं आधी खात्री करून घेतली होती. तो तिच्या मागे उभा राहिला. तिच्या मनगटावर त्याचं मनगट...

"काठी मागे ने. आता थांब. मागे दोरी सरळ होऊ दे. घाई केली की गुंता होतो. थांब... थांब... आता!"

दोरी पुढे गेली, हवेत लांबच लांब उलगडली आणि गवतावर उतरली.

"कळलं?" त्यानं कानाशी विचारलं.

"नाही," अश्लेषा म्हणाली. "परत दाखव."

तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. ती डॉक्टरेट करत होती.

ती त्याचं मराठी दुरुस्त करायची. मी येतो. मी दमलो. मी विसरलो. तो शहाण्या मुलासारखा घोकायचा. 'तुम्ही' कोणाला आणि 'तू' कोणाला हेही शिकवलं. शिकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी तुला तुम्ही म्हणायला हवं होतं?"

"हवं होतं."

"आता म्हणू?"

"आता... राहू दे."

तो फ्रँकफर्टजवळ एका कारखान्यात इंजिनिअर होता. दार आपटू नये म्हणून चौकटीला वर एक भाग बसवलेला असतो ना, तो बनवणाऱ्या कारखान्यात. कुणालाही न दुखवता दार बंद कसं करावं, यात त्याचं सगळं शिक्षण झालं होतं. अश्लेषाला तेव्हा याची गंमत वाटायची.

जूनमधल्या एका रविवारी जाळ्यात वेगळाच मासा आला. ट्राउट तिला ओळखता यायला लागला होता, अंगावर लाल ठिपके, चेहऱ्यावर राग. हा तसा नव्हता. रुपेरी, सडसडीत, तोंड लहानसं. आणि पाठीवर केवढा थोरला पर, पदर वाऱ्यावर धरावा तसा. त्यात जांभळ्या-तांबड्या छटा.

"एशे!" ध्रुव कुजबुजला. देवळात बोलावं तसा. "इंग्रजीत ग्रेलिंग. जवळ ये, वास घे."

"मासळीचा वास मला नवीन आहे का?"

"घे तर!"

ती वाकली. आणि दचकली. माशाला मासळीचा वास नव्हताच.

"अरे! हा तर ओवा!"

"ट्यूमियान म्हणतात इकडे. तसल्या पाल्याचा..."

"ओवा आहे हा. आजी पोट दुखलं की चोळून द्यायची. ध्रुव, तुमच्या नदीतल्या माशाला ओव्याचा वास येतो!" तिचे डोळे उगाचच भरून आले. माणूस कुठून कुठे येतो, पाण्यात पाय सोडून बसतो, आणि एक परका मासा त्याला आजीच्या फडताळाशी नेऊन उभं करतो.

तिनं हात पुढे केला.

"थांब! आधी हात ओले कर." ध्रुवनं तिचे दोन्ही हात धरून पाण्यात बुडवले. "कोरडा हात लागला की तिला भाजतं. अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग जगत नाही. एशे फार नाजूक. उरल्यात पण थोड्या. ट्राउट नेता येतो, ही नाही. ही आली तरी ठेवायची नाही, असा नियम आहे. ओल्या हातानं धरायची, तोंड प्रवाहाकडे करायचं, आणि ती जाईल तेव्हा जाऊ द्यायची."

अश्लेषाच्या ओल्या ओंजळीत ती एशे क्षणभर थरथरली... आणि नव्हती. पाणी तेवढं हललं.

"तुला इन्स्टिट्यूटमध्ये काय हाक मारतात?" त्यानं एकदम विचारलं.

"अश्लेषा जमत नाही त्यांना. आशे म्हणतात."

"आशे? शी! आशे म्हणजे राख."

"मराठीत बरं वाटतं. आशेला हाक मारल्यासारखं."

"मी एशे म्हणेन," ध्रुव म्हणाला. आणि कान लाल होईपर्यंत माशी नीट करत राहिला.

नावं ठेवताना माणसानं नियमावली वाचावी. पण प्रेमात पडल्यावर जर्मनसुद्धा वाचत नाही.

ऑक्टोबरात मासेमारीचा हंगाम संपतो. ट्राउटला अंडी घालायची असतात. क्लब काठ्या गुंडाळायला लावतो. त्याच सुमाराला अश्लेषाचा प्रबंध पूर्ण झाला, पदवी झाली आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. इथले प्राध्यापकही म्हणत होते, हवं तर आणखी काही वर्षं राहा, जागा आहे. दोन्हीकडे उत्तर द्यायचं होतं. कुठे काय कळवायचं हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं आणि ती गोष्ट रबरी विजार घालून समोर उभी होती.

हंगामाचा शेवटचा दिवस. लाकडी पुलावर दोघं. पाऊस खऱ्या पावसासारखा पडत होता. ध्रुवनं वाक्य पाठ करून आणलं होतं. ते त्याच्या ओठांच्या हालचालीवरून केव्हाचं दिसत होतं.

"अश्लेषा, तू जाऊ नको. इथे राहशील? माझ्याबरोबर?"

लिंग, वचन, काळ, सगळं बरोबर. शिक्षिकेनं शंभर गुण द्यावेत असं वाक्य. शिक्षिकेचे मात्र कान गरम झाले, छातीत पाण्याची धार लागल्यासारखं झालं, आणि तिनं कठड्यावरून खाली वाहत्या पानांकडे बघत, ओठ दाबून, हळूच म्हटलं—

"बघू."

आता इथे अश्लेषाच्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. तिचे बाबा, दीनानाथ, यांनी जन्मात कधी 'हो' म्हटलं नव्हतं. चांगल्या गोष्टीला तोंडावर 'हो' म्हटलं की दृष्ट लागते, असं त्यांचं ठाम मत. लेकीनं सायकल मागितली, बाबा म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी अंगणात सायकल. लेक म्हणाली, जर्मनीला जाऊ? बाबा म्हणाले, "बघू," आणि रात्री माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसत बसले. त्या घरात 'बघू' म्हणजे झालंच. 'बघू' म्हणजे हो, पण पदराआडून. अश्लेषानं आयुष्यात एवढा मोठा होकार कुणाला दिला नव्हता.

ती थांबली. आता तो म्हणेल, 'बघू काय बघू? सांग नीट.' ती म्हणेल, 'सांगितलं की.' तो म्हणेल, 'राहाच.' अशी थोडी ओढाताण होईल, थोडं लटकं रागावणं होईल...

"ओके," ध्रुव म्हणाला.

पाऊस पडत राहिला.

"आल्झो... ओके," तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू. मग हसला. वाईट दिसत होतं ते हसणं. आणि तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "चल. भिजशील. गाडी चुकेल तुझी."

मराठीत गळ टाकायचा असतो, तशी गळ घालायचीही असते. पहिला पुल्लिंगी, दुसरी स्त्रीलिंगी. ध्रुवला पहिला उत्तम टाकता यायचा. दुसरीच्या बाबतीत त्याच्यावर संस्कारच असे होते की एकदा विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि उत्तराचा मान राखायचा. फार चांगले संस्कार. त्यांनी कितीतरी जणांचं भलं झालं असेल.

अश्लेषा वाट बघत राहिली. सामान बांधताना बघितली. तो मदतीला आला, खोकी नीट चिकटवून दिली, भांडी कागदात गुंडाळली. प्रत्येक खोक्यावर तो क्षणभर थांबायचा, आणि तिला वाटायचं, आता. मग तो पट्टी कापायचा. पुण्याला 'येते' असं तिनं शेवटच्या दिवशी कळवलं, तेसुद्धा त्याच्यासमोर, मुद्दाम मोठ्यानं वाचून. त्यानं फक्त एक शब्द दुरुस्त करायचा होता. पण दुरुस्त करणं हे तिचं काम होतं, त्याचं नाही.

आपण होऊन सांगावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण आपल्या होकाराला 'ओके' म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा काय सांगायचं? त्याचं मन बदललं असणार. विचारून पस्तावला असणार. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ती अशा रागात उभी होती आणि तो अशा मायेनं, की बघणाऱ्याला वाटावं, भाऊ बहिणीला पोचवायला आला आहे.

"टोपी घाल," तो म्हणाला. "विमानात थंडी असते."

तिनं घातली. काचेचं दार तिच्यामागे बंद झालं. आवाज न करता.

काही वर्षं गेली. सुरुवातीला निरोप जायचे-यायचे: वाढदिवस, दिवाळी, कधी एखाद्या माशाचा फोटो. मग फोटो गेले, मग दिवाळी गेली. अश्लेषानं पुण्यात नाव काढलं. घरच्यांनी स्थळं आणली. तिनं प्रत्येकाला स्पष्ट 'नाही' म्हटलं. 'बघू' हा शब्द ती वापरेनाशी झाली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

आणि मग एका मे महिन्यात कायझर्सलाउटर्नला कामाची बैठक निघाली. मधे रविवार आला. रविवारी जर्मनीत दुसरं करण्यासारखं काय असतं? दोन डब्यांची गाडी होतीच. तिनं हॉटेलमधून पाव-चीज बांधून घेतलं. टोपीही घेतली, थंडी होती म्हणून. त्याला भेटायला नाही. तो तिथे असेलच कशाला?

ती त्याच ओल्या गवतावर बसली. रिमझिम लटकली होती. आणि नदीच्या वळणाआडून हाक आली—

"बघू!"

अश्लेषाच्या हातातला पाव खाली पडला.

"बघू! बघू, इकडे ये!"

झुडपातून एक तपकिरी, चिखलानं माखलेला, एक कान उभा आणि एक पडलेला असा कुत्रा सुसाट आला आणि त्यानं पाव-चीज कुठलीही परवानगी न घेता खाल्लं. मागोमाग काठी सावरत, पाणी उडवत तो. दाढी कमी केलेली. कानाशी एक पांढरा केस.

"एन्टशुल्डिगुंग! तो चावत ना..." आणि त्याला टोपी दिसली. "एशे?"

"हो."

"थांब. मी येतो."

येतो. बरोबर म्हणाला. तिनंच शिकवलं होतं. आत कुठेतरी बारीकसं टोचलं.

तो येऊन शेजारी बसला. दोघं एकमेकांकडे न बघता खूप हसले. त्याला तिच्याकडून सगळं ऐकायचं होतं: प्रयोगशाळा, कुसुमआत्या, हर्णैची मांजर. मग तिनं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "कुत्र्याचं नाव काय म्हणालास?"

"बघू."

"हे काय नाव झालं?"

"अगं, लहानपणी मी आईकडे रोज कुत्रा मागायचो. आई म्हणायची, बघू. झाडावर घर मागितलं, बघू. शाळेबरोबर बर्फात जाऊ? बघू. आल्झो, पाच वर्षांचा असतानाच मला कळलं, बघू म्हणजे नाही. फक्त जर्मन नाहीसारखं टोचत नाही. मऊ असतं." त्यानं कुत्र्याचा पडका कान कुरवाळला. "मग गेल्या वर्षी आम्ही हा आणला. म्हटलं, आता नाव दुसरं काय ठेवणार?"

पाणी वाहत होतं. जून, ऑक्टोबर, पूल, पिशवी, चिकटपट्टी... सगळं त्या पाण्यातून उलटं वर येत होतं. तिनं त्याची सगळी क्रियापदं सुधारली होती. सगळी. एकच शब्द तिला तपासावासा वाटला नव्हता, कारण तो त्याच्या तोंडी कधी आलाच नव्हता. तो तिचा होता.

"आम्ही म्हणजे?" तिनं विचारलं.

"मी आणि योहाना. येईल आता, केक आणायला गेली आहे गावात. तुला भेटून तिला फार आनंद होईल. तिला माहीत आहेस तू. माशा मारणारा विनोद ती सगळ्यांना सांगते. सप्टेंबरात लग्न आहे आमचं."

"अरे वा," अश्लेषा म्हणाली. बरं म्हणाली.

ध्रुव माशीच्या पिसाशी चाळा करत राहिला. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "तू पण तेव्हा पुलावर बघू म्हणालीस. मी कधी बोललो नाही... पण छान म्हणालीस. दुसरी कोणी सरळ नाइन म्हणाली असती. मला लागलं नाही. म्हणजे, लागलं. खूप दिवस लागलं. पण मऊ लागलं." आणि मग त्यानं तिच्याकडे बघितलं, त्या पहिल्या दिवसासारखं, काळजीनं. "मी बरोबर समजलो होतो ना?"

एक शब्द पुरला असता. दापोलीच्या अंगणातली सायकल सांगितली असती तरी पुरलं असतं. बॅग पुसत बसलेले बाबा सांगितले असते... तो शांतपणे ऐकणारा होता. उशिरा का होईना, त्याला नक्की कळलं असतं. त्याला सगळंच उशिरा आणि मनापासून कळायचं.

आणि तेवढ्यात कोणी बाई गावातून केक घेऊन येत होती, आणि माशा मारणारा विनोद सगळ्यांना सांगत होती.

अश्लेषा उठली. काठाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले. पाणी अजून तेवढंच गार होतं. मनगटापर्यंत बधिर होईस्तो तिनं हात तसेच ठेवले. मग परत येऊन कुत्र्याच्या डोक्यावर ठेवले.

"कुत्र्याला हात ओले करावे लागत नाहीत, एशे," ध्रुव हसून म्हणाला.

"सवय," ती म्हणाली. आणि म्हणाली, "हो. बरोबर समजला होतास."

"गेनाऊ. अगदी तेच," ध्रुव म्हणाला. आणि कोणीतरी मुक्कामाला पोचून ओझं खाली ठेवावं, आणि मग रिकाम्या खांद्याला हात लावून बघावा, तसा क्षणभर बसून राहिला.

ती केकसाठी थांबली नाही. गाडीची वेळ सांगितली. गाडीला वेळ होता. इथले मासे धरणारे एकमेकांना निरोप देताना 'पेट्री हाइल' म्हणतात. त्यावर, काही हाती लागलं असेल तर 'पेट्री डांक' म्हणायचं. रिकाम्या हातानं जात असाल तर नुसतं परत 'पेट्री हाइल'. हे त्यानंच तिला कधीतरी शिकवलं होतं.

"पेट्री हाइल, एशे," तो पाण्यात उतरत म्हणाला.

ती काही पावलं गेली. पुलापाशी थांबली.

"पेट्री डांक," ती म्हणाली.

"अरे! तुला काय मिळालं?"

अश्लेषानं विचार केला. इतक्या वर्षांत तो शब्द तिच्या तोंडी आला नव्हता. आता आला... पदराआडून नाही, रागानं नाही, अगदी सहज, ओठांतल्या ओठांत.

"बघू."

ध्रुवला ते ऐकू गेलं नसावं. पाण्याचा आवाज होता. पण काठावरचा कुत्रा ताडकन उठला. एक कान उभा, एक पडलेला. आणि जीव खाऊन पळत पुलावर आला, तिच्या पायांवर आदळला, अंग झटकून तिला नखशिखांत भिजवलं आणि तोंड वर करून बघत राहिला. आता पुढे काय, म्हणून. त्या सबंध खोऱ्यात त्या शब्दाचा अर्थ 'ये' होतो, हे ठाऊक असलेला तो एकटाच होता.

तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. घट्ट नाही.

"बघू!" नदीतून हाक आली.

त्यानं मागे बघितलं. तिच्याकडे बघितलं. हाक दोन्हीकडून तीच होती. तिनं त्याचं तोंड प्रवाहाकडे वळवलं आणि तो जाईल तेव्हा जाऊ दिलं.

गाडीत बसल्यावर तिनं हात नाकाशी नेले. ओव्याचा वास नव्हता. ओल्या कुत्र्याचा होता.

तिनं हात पुसले नाहीत.